कुलाबा की रायगड?

(दृश्य : पिवळं पडलेलं छापील पान. कडेचा बोटभर तुकडा निखळलेला.)

असं जुनं पान स्कॅन करण्यासाठी उलटायचं तर आधी पंखा बंद करायचा. मग खालून पातळ पट्टी सरकवून ते अलगद उचलायचं. गंमत बघा, याच्या कितीतरी आधीच्या, हातकागदावरच्या पोथ्या अजून ठणठणीत आहेत. हा कागद गिरणीतला, लाकडाच्या लगद्याचा. त्याच्यातलं आम्लच त्याला खातं. कसर लागते ती वेगळीच.

पुण्यात बीएमसीसी रस्त्यावर गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे. संस्था १९३० सालची; ग्रंथसंग्रहाचं मूळ मात्र त्याच्याही मागे, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात. इथल्या दुर्मिळ पुस्तकांच्या स्कॅन प्रती आता डीस्पेसवर घरबसल्या उघडता येतात. डीस्पेस ही एमआयटी आणि एचपी यांनी मिळून केलेली, २००२ पासून सर्वांना मोफत असलेली, डिजिटल संग्रह ठेवण्याची संगणकप्रणाली.

(दृश्य : आकड्यांचा तक्ता, जवळून.)

इंग्रजी अमदानीतले जमाबंदीच्या, म्हणजे शेतसारा ठरवण्याच्या, फेरपाहणीचे अहवाल घ्या. नाव ऐकूनच जांभई येते. पण शेवटचे तक्ते पाहा : विहिरी किती, नांगर किती, बैल किती, पाऊस किती, सारा किती. आपल्या तालुक्याची अख्खी कुंडलीच! सरकारी प्रकाशनांचा कॉपीराइट साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे ते खुले करायला आडकाठीही नाही.

खरी मेख प्रत्येक स्कॅन प्रतीसोबतच्या नोंदीत आहे. स्कॅनिंग हे हमालीचं काम, नोंद डोक्याचं. शीर्षक, लेखक, विषय, साल असे मूळ पंधरा रकाने असतात. त्यांना 'डब्लिन कोअर' म्हणतात. हे डब्लिन आयर्लंडचं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायोतलं. आता समजा, अलिबागच्या मुलीला आपल्या तालुक्याचा जुना अहवाल हवा आहे. ती शोधणार 'रायगड'. मुखपृष्ठावर छापलंय 'कुलाबा', कारण जिल्ह्याचं नाव बदललं १९८१ मध्ये. नोंद करणाऱ्यानं छापलंय तेवढंच उतरवलं, तर अहवाल सर्व्हरवर असूनही तिच्या लेखी नाहीच. त्यानं विषयाच्या रकान्यात 'रायगड' हा एक शब्द वाढवला, की मिळाला.

आणि मघाचा तो निखळलेला तुकडा? त्याच्याबरोबर विहिरींचे दोन आकडे गेले असतील, तर तेही नोंदीत लिहायचं : पानाची कड फाटलेली, मजकूर अपुरा.