कोळशातलं पान ‘नवीन’ कधी ठरतं?

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणीतरी हातोडा घेऊन गोकाकला जाईल. आपल्या बेळगाव भागात दगडी कोळसा नाही. गोकाकच्या धबधब्याचा दगड फारच जुना, तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती, आणि निपाणी-चिकोडीकडचा काळा दगड म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. भारतातला कोळसा बहुतेक सगळा या दोन्हींच्या मधला, 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो थर आपल्याकडं नाहीच की ओ. त्यासाठी चंद्रपूर, वणी, नाहीतर थेट झरिया गाठायला लागतं.

तिकडं कोळशालगतचा शेल, म्हणजे चिखलाचा झालेला पापुद्र्यांचा दगड, फोडला की पानंच पानं. लांबट, जिभेसारखी, मधे जाड शीर, दोन्ही अंगाला बारीक शिरांची जाळी. हे ग्लॉसॉप्टेरिस, नाव दिलं ब्रोन्यार या फ्रेंच माणसानं, 1828 मध्ये. मधली शीर नसली तर गँगामॉप्टेरिस. नागपूरकडची पानं हिस्लॉप या मिशनऱ्यानं गोळा केली, 1861 मध्ये बनबरी या इंग्रज अभ्यासकानं त्यातल्या काहींना नव्या जाती ठरवलं, आणि तेव्हापासून नावं वाढतच चाललीत, माझ्या मते जरा जास्तच.

कारण काय, आपल्या खानापूरकडं फणसाचं रोप बघा, कोवळ्या फांदीवर पान कापल्यासारखं, फाटे असलेलं, आणि मोठ्या झाडावर तेच साधं लांबट. ही दोन पानं दगडात वेगवेगळी सापडली असती तर आम्ही दगडातली पानं अभ्यासणारे लोक दोन जाती करून मोकळे झालो असतो!

म्हणून नुसत्या आकारावर जायचं नाही. शिरा मधल्या शिरेतून किती अंशात फुटतात, जाळीची घरं लांब की आखूड, हे मोजायचं, आणि नशिबानं पानाची काळी पापडी दगडावर शिल्लक असली तर खरी मजा. ती अलगद उचलून नायट्रिक अॅसिड आणि पोटॅशियम क्लोरेटमध्ये टाकायची, काळ्याची तपकिरी व्हायला लागते, मग धुऊन अल्कलीचे थेंब सोडले की तपकिरी रंग पाण्यात उतरतो आणि मागं राहते पारदर्शक पातळ साल, क्युटिकल. मायक्रोस्कोपखाली पेशींच्या रेषा दिसतात, पानाची श्वासाची छिद्रं दिसतात, ती दोन्ही बाजूंना आहेत की फक्त खाली तेही कळतं. जास्त वेळ ठेवलं तर साल विरघळून जाते, मग बसा.

मघाशी एका ताईंनी विचारलं, अख्खं झाड का नाही सापडत. अहो, तुकडेच सापडतात, म्हणून पानाला एक नाव, मुळाला दुसरं, व्हर्टिब्रेरिया, बियांच्या भागाला तिसरं. पानाला चिकटलेले असे भाग दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड बाईंनी 1952 मध्ये दाखवले, तोवर ग्लॉसॉप्टेरिस म्हणजे बिया नसलेला नेचाच असं बरेच जण धरून चालले होते.

आणि नवीन नाव द्यायचं तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मूळ आधार, म्हणून ठरवायला लागतो, कुठल्या संस्थेत ठेवलाय ते छापायला लागतं. घरच्या शोकेसमधला दगड त्यासाठी चालत नाही, आणि तो कुठल्या खाणीतल्या कुठल्या थरातला हे लिहून ठेवलेलं नसेल तर आम्हीही त्याला हात लावत नाही.