पोळ्याला तुतारी माळ्यावर

(दृश्य: संध्याकाळचा गोठा. वाटीत कोमट तेल-हळद, शेजारी पळसाची पानं.)

पोळ्याची आदली संध्याकाळ. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात खांदशेकणी चालली आहे. पळसाच्या पानाने तेल-हळद बैलाच्या खांद्यावर फिरवायची. वर्षभर जू जिथे घासतं, नेमकं तिथे. बैल गवळाऊ जातीचे. पांढरी कांती, चालायला तडफदार, याच पट्ट्यातली जात. बैलांचे मालक आबाजी त्यांच्या कानाशी वाकतात. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

उद्या औत नाही, बंडी नाही. आणि मार तर नाहीच. कोपऱ्यातली तुतारी आबाजी उचलतात आणि माळ्यावर टाकतात. लांब बांबू, टोकाला लोखंडी आर. एरवी ती हाताशी असते, पण आबाजींचं म्हणणं असं, की आर टोचायची वेळ आली म्हणजे जनावर शिकवतानाच कुठेतरी चुकलं.

(दृश्य: उन्हाळा. नांगरलेलं वावर, जुन्या बैलाशेजारी तरणा गोऱ्हा.)

हे चित्रण उन्हाळ्यातलं. गोऱ्हा तीन वर्षांचा, अजून औताला न लागलेला. त्याला जुपायचं ते जुन्या, शांत बैलाच्या जोडीला. पहिले काही दिवस नुसतं जू खांद्यावर. ओढायचं काही नाही, उभं राहायचं. मग मागे लाकडाचा ओंडका बांधायचा आणि भुसभुशीत मातीत फिरवायचं, सकाळी ऊन चढायच्या आत, थोडाच वेळ. गोऱ्हा डावीकडे पळतो, जुना बैल जागचा हलत नाही. गोऱ्हा थांबतो, जुना चालायला लागतो. निम्मं शिकवणं तो जुना बैलच करतो.

ओंडक्यानंतर वखर. वखराला सरावला की डवरणी, म्हणजे उभ्या पिकातलं तण काढणं. ती खरी परीक्षा, कारण पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींतून चालायचं असतं आणि एक पाय वाकडा पडला तरी रोप जातं. बंडी सगळ्यात शेवटी. प्रत्येक वेळी कासऱ्याचा तोच झटका, तोंडाने तोच आवाज. काम झालं की थोडी सरकीची ढेप.

आणि हे बघा. गोऱ्हा जुवाखाली बसला. आबाजींचा मुलगा तुतारीकडे हात नेतो, आबाजी त्याला हातानेच थांबवतात. "पयल्याच दिवशी टोचलं का मंग तो रोजच बसते." दोघं तसेच उभे राहतात. आमच्या कॅमेऱ्यात हा थांबा बराच लांब आहे, इथे कापून दाखवतो आहोत. शेवटी गोऱ्हा आपणहून उठतो.

बैलबाजारात आबाजी दात मागाहून बघतात. आधी नुसता हात उगारतात. बैलाने अंग चोरलं, तर त्याला घरी काय मिळालं हे त्यांना कळतं. तो बैल ते घेत नाहीत.

(दृश्य: त्याच अंगणात तिसरीतला मुलगा, मांडीवर वही.)

हा आबाजींचा नातू. पाढ्यात अडकला की त्याला मार मिळतो, हे त्याच्या वडिलांनीच सांगितलं, अगदी सहज. घरातला मार आमच्याकडे चित्रित नाही. कॅमेऱ्यासमोर कोणी पोराला मारत नाही.

गावातले निवृत्त गुरुजी मात्र मोकळेपणाने बोलले. त्यांनी आम्हाला नाल्यावर नेलं. काठावर बेशरम माजलेली. त्यांच्या वर्गात छडी यायची ती इथून. बेशरम लवकर पिचते, म्हणून पुढे निर्गुडीचा फोक. फार जाड नको, नाहीतर वळ उठण्याऐवजी हाड दुखतं. फार वाळलेला नको, मोडतो. आणि तो तोडून आणायला पाठवायचे वर्गातल्याच एखाद्या पोराला. कधीकधी ज्याला मार बसायचा त्यालाच. गुरुजी हे हसत सांगतात, मग फोक हातात घेऊन हवेत एकदा फिरवून दाखवतात. तो आवाज आम्ही ठेवला आहे.

पालक काय म्हणायचे? हाडं आमची, कातडं तुमचं. पोरगं शाळेत घालतानाच हा करार व्हायचा.

कायद्याने तो मोडला. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घालतं. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. उंबऱ्याच्या आत मात्र गोष्ट वेगळी. १८६० च्या दंडसंहितेत बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला कलम ८९ चं संरक्षण होतं. २०२४ मध्ये न्याय संहिता आली, तरतूद तिच्यातही उतरली. स्वीडनने घरातल्या माराला १९७९ सालीच बंदी घातली होती.

(दृश्य: सेवाग्राम आश्रम, कुडाच्या भिंती, आवार.)

इथून सेवाग्राम जवळ. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले आणि पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या परिषदेत हातांनी काम करत शिकण्याची नयी तालीम मांडली गेली. पण आम्ही इथे आलो ते रेघा मारायच्या एका रुळासाठी, आणि तो रूळ इथला नाही. आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर एक मुलगा होता. खोटं बोलणारा, भांडखोर, कोणाचं न ऐकणारा. एके दिवशी गांधीजींनी हाताशी असलेला रूळ त्याच्या दंडावर मारला. मारताना त्यांना कापरं भरलं होतं, असं त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. मुलगा सतरा वर्षांचा, धट्टाकट्टा. परत मारू शकला असता. तो रडला, त्याने माफी मागितली, आणि त्यानंतर पुन्हा कधी त्यांचा शब्द मोडला नाही.

माराची बाजू घेणाऱ्याला इथे थांबायला आवडेल. गांधीजी थांबत नाहीत. मुलाला लागला तो मार नव्हे, आपली वेदना त्याला दिसली, असं ते म्हणतात. त्या हिंसेचा पश्चात्ताप त्यांना आत्मकथा लिहिण्याच्या वेळीही होत होता.

(दृश्य: जिल्हा परिषद शाळा, फळा, दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग.)

मार खाल्ल्यावर पोरगं त्या क्षणी गप्प बसतं, हे कोणी नाकारत नाही. पुढचं काय, ते बघायला संशोधकांनी तीच मुलं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासली. अशा ६९ अभ्यासांचा आढावा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली आला. मार खाणाऱ्या मुलांचं वागणं काळाबरोबर बिघडत जातं, सुधारल्याचं दिसत नाही.

आता वर्गाकडे बघा. बाईंनी फळ्याचा वरचा कोपरा पुसायला हात उचलला. पहिल्या रांगेतल्या या मुलाकडे लक्ष द्या. बाई मारत नाहीत, वर्गात छडीही नाही. तरी.

(दृश्य: तान्हा पोळा. चाकांचे लाकडी बैल, घरोघरी फिरणारी मुलं.)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा. लाकडी बैलाला झूल, गळ्यात घुंगरू, दारोदारी फिरून खाऊ आणि पैसे. नातवाचा बैल आबाजींनी रंगवून दिला आहे.

वडिलांशी पुन्हा बोललो. त्यांनी स्वतःहून गोऱ्ह्याचा विषय काढला. हो, तो न मारता शिकला. पण त्याला पूर्ण उन्हाळा होता. पोराची वही रात्री उघडते, फवारणी करून आल्यावर, जेव्हा पंप उतरवलेले खांदे अजून दुखत असतात. "थोडा धाक पायजेच ना." आम्ही वाद घातला नाही. वेळ नाही, एवढं त्यांचं म्हणणं खरंच आहे. मात्र गोऱ्ह्यासाठी वेळ काढला होता तो याच माणसाने.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मुलाचे वडीलही समितीत आहेत. मागच्या सभेत वर्गाचं गळकं छत आणि नळाची तोटी हे विषय होते. छडीचा विषय गुरुजी निवृत्त झाले तेव्हाच संपला, असं सगळे सदस्य मानतात. घरातला मार समितीच्या कक्षेत येत नाही, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं.