फुगा गोठतो तेव्हा ऊब कुठे जाते?

कडाक्याच्या थंडीत साबणाचा फुगा बर्फावर अलगद टेकवला, की पहिले काही क्षण काहीच होत नाही. त्या क्षणांत कुणी बोलायचं नाही, एवढीच अट मी मुलांना घालते. मग बुडाशी पांढरी कड दिसते, ती वर चढू लागते, आणि तिच्यापासून सुटलेले बारीक बारीक स्फटिक फुग्याच्या पडद्यात गरगरू लागतात. प्रत्येक स्फटिक पिसासारखा पसरत जातो, शेजाऱ्याला जाऊन भिडतो, आणि बघता बघता सगळा फुगा धुरकट काचेचा होतो. हे सगळं घडायला जेमतेम काही सेकंद लागतात. मी कितीतरी वेळा पाहिलं आहे, तरी अजून श्वास रोखला जातो.

इथे पालक आहेत, शिक्षक आहेत. तुम्हाला माझी एकच विनंती आहे: आधी समजावून सांगू नका. आधी मुलांना बघू द्या. कारण ते स्फटिक गरगरतात कशाने, हा प्रश्न मुलंच विचारतात, आणि त्याचं उत्तर आपल्या अपेक्षेच्या अगदी उलट आहे. गोठताना फुगा थोडा गरम होतो.

पाणी गोठतं तेव्हा त्यातली उष्णता बाहेर पडते. शाळेत आपण हिला अप्रकट उष्मा म्हणून शिकलो, व्याख्या पाठ केली आणि विसरलो. पण आकडा बघा. १ ग्रॅम पाण्याचा बर्फ होताना सुमारे ३३४ ज्यूल उष्णता सुटते. तेवढ्या उष्णतेत १ ग्रॅम पाणी ० अंशांवरून जवळपास ८० अंशांपर्यंत तापलं असतं! आता फुग्याकडे या. ५ सेंटिमीटर व्यासाचा फुगा घेतला आणि पडद्याची जाडी १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, धरली, तर त्यात पाणी असतं सुमारे ८ मिलिग्रॅम. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब याच्या कितीतरी पट जड असतो. इतक्या थोड्या पाण्यातून सुटलेली उष्णताही थोडीच, पण पडदा इतका पातळ की ती लगेच जाणवते. बर्फाच्या कडेजवळचा भाग उबदार होतो, वरचा थंडच राहतो.

आणि गरम पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाला ताणून धरणारी ओढ, थंड पाण्यापेक्षा कमी असतो. म्हणजे थंड बाजू जास्त जोराने ओढते. पडद्यातलं पाणी उबदार भागाकडून थंड भागाकडे वाहू लागतं आणि वाहताना कडेवरचे स्फटिक तोडून सोबत घेऊन जातं. या प्रवाहाला इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मरांगोनी यांचं नाव आहे. १९व्या शतकात त्यांनी अशा प्रवाहांचा अभ्यास केला होता. फुग्यातल्या या हिमवादळामागे हाच प्रवाह आहे, हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं. साबणाच्या फुग्यांशी माणूस शतकानुशतकं खेळत आला, आणि हा उलगडा झाला आत्ता कुठे. मुलांना हे जरूर सांगा, म्हणजे सगळं आधीच शोधून झालंय असं त्यांना वाटणार नाही.

त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. फुगा बर्फावर ठेवला, पण भोवतालची हवा खोलीसारखी उबदार असली, तर पांढरी कड थोडी वर चढते आणि मध्येच थांबते. पडदा फार पातळ असल्यामुळे खालची थंडी वरपर्यंत पोचत नाही. अर्धा बर्फ, अर्धं पाणी, असा तो फुगा तसाच उभा राहतो आणि शेवटी खचतो. म्हणून नुसता बर्फ पुरत नाही, हवाही चांगली थंड लागते. माझ्या अनुभवात उणे १२ अंशांच्या खाली फुगे खात्रीने गोठतात.

आता कृती. एक कप कोमट पाणी, दोन मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड, दोन मोठे चमचे कॉर्न सिरप किंवा ग्लिसरीन, आणि थोडी साखर. पाणी कोमट घ्यायचं ते साखर विरघळावी म्हणून. सिरपमुळे पडदा जाडसर होतो आणि पाणी लवकर उडून जात नाही. ढवळताना फेस करू नका. मग हे मिश्रण बाहेर नेऊन गार होऊ द्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग फुगे गोठण्याआधीच फुटतात. वारा असेल तर त्या दिवशी नादच सोडा. सकाळचं तिरपं ऊन फुग्याच्या मागून येईल असे बसा, स्फटिकांची नक्षी उठून दिसते.

स्ट्रॉने फुंकणार असाल तर लहान मुलांच्या स्ट्रॉला वरच्या बाजूला एक बारीक भोक पाडा. फुंकर जाते, पण चुकून ओढलं तरी साबणाचं पाणी तोंडात येत नाही. हातमोजे भिजले, की लगेच बदला. मी दोन जोड्या जास्तीच्या ठेवते. ओल्या बोटांतली ऊब फार झपाट्याने जाते, आणि रमलेलं मूल बोटं बधिर झाली तरी सांगत नाही. वीस मिनिटांनी आत यायचं, कितीही हट्ट केला तरी.

गोठलेला फुगा फुटत नाही, तडकतो. मुलांना याचंच सर्वांत नवल वाटतं. बोट लावलं की अंड्याच्या कवचासारखा तुकडा आत पडतो आणि बाकीचा तसाच राहतो. कधी कुणी हात न लावताही तो चेमटतो. आतली हवा म्हणजे आपलाच श्वास. ३४ अंशांचा श्वास उणे २० पर्यंत निवला तर त्याचं आकारमान सुमारे सहाव्या हिश्श्याने घटतं, आणि कवच आत ओढलं जातं.

मागे एका छोट्या मुलीने कोरड्या लोकरी हातमोज्यावर फुगा झेलला. लोकरीवर तो फुटत नाही, हे तिला कुणीतरी दाखवलं होतं. हवा चांगलीच थंड होती, तरी फुगा गोठलाच नाही. पाणी ० अंशांच्या खाली जाऊनही कधी कधी गोठत नाही, त्याला सुरुवात करून देणारा एखादा कण लागतो. ती बराच वेळ वाट बघत राहिली. मग दुसऱ्या हाताने तिने जमिनीवरचा हिमाचा एक कण उचलला, फुग्याला हळूच टेकवला, आणि त्या टोकापासून पांढरी पिसं चारही बाजूंना धावत सुटली. तिने वर बघितलं नाही, कुणाला हाक मारली नाही. लगेच पुढचा फुगा मागितला.