माणसं मुंबईतून गेली, बदनाम झालं कोलकाता

[दृश्य: उत्तर कोलकात्यातली अरुंद गल्ली. सकाळ. हातगाडी जाते, कॅमेरा एका दारावर थांबतो.]

हिरव्या झडपांच्या खिडक्या. ओतीव लोखंडाचे कठडे. भिंत फोडून वर आलेला पिंपळ. आणि दाराशेजारी महापालिकेची पाटी, 'बिपज्जनक बाडी'. म्हणजे धोकादायक घर. पाटीखाली पायरीवर चपला आहेत, वर दोरीवर गमछा वाळतोय. आतून कुकरची शिट्टी ऐकू येते.

ती शिट्टी ऐकली आणि मी थेट मुंबईच्या गिरणगावात, करी रोडला पोहोचलो.

दक्षिण मुंबईतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी म्हाडा दर पावसाळ्याआधी जाहीर करते. आमच्या चाळीत ती यादी पेपरात आली की दहावीच्या निकालासारखी वाचली जायची. नाव नसलं की वडीलधारी मंडळी देवाला हात जोडत. नाव असलं, तरी खोली सोडायला कुणी लवकर तयार व्हायचं नाही. लाकडी जिन्याला टेकू लावायचे, गच्चीवर डांबर ओतायचं, ताडपत्री बांधायची आणि गणपतीच्या वर्गणीचं पुस्तक बाहेर काढायचं. संक्रमण शिबिरात गेलेलं बिऱ्हाड परत कधी येईल, हे कुणी सांगू शकत नव्हतं. त्यापेक्षा टेकू बरा.

हावडा मेल मुंबई सोडते, नागपूरवरून जाते आणि जवळजवळ दोन हजार किलोमीटर तोडून हुगळीकाठी पोहोचते. दोन्ही टोकांना एकाच दुखण्याची घरं आहेत. लौकिक मात्र अगदी उलटा. मुंबई म्हणजे स्वप्नांचं शहर, कधी न झोपणारं. कोलकाता म्हणजे थकलेलं, मागे पडलेलं. १९८५ साली पंतप्रधान राजीव गांधींनी कोलकात्याला मरणाऱ्या शहराची उपमा दिली आणि तो शिक्का या शहराच्या कपाळावर बसला. त्याच्या आदल्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १९८४ ला, देशातली पहिली मेट्रो याच शहरात धावली होती. ती कुणाच्या ध्यानात राहिली नाही.

मग मरत नेमकं कोण होतं? जनगणनेचं पुस्तक उघडू या.

[दृश्य: आकडे पडद्यावर, मागे दोन्ही शहरांचे नकाशे.]

कोलकाता, २००१: ४५ लाख ७३ हजार माणसं. २०११: ४४ लाख ९७ हजार. दहा वर्षांत शहाहत्तर हजार माणसं कमी झाली.

आता मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई. २००१: ३३ लाख ३८ हजार. २०११: ३० लाख ८५ हजार. इथे अडीच लाखांहून जास्त माणसं कमी झाली. टक्क्यांत सांगायचं तर कोलकाता पावणेदोन टक्क्यांच्या आत घटलं आणि जुनी मुंबई साडेसात टक्क्यांनी. चौपटीहून जास्त.

मरणारं शहर म्हणून बोट कोणाकडे दाखवायचं, हे या आकड्यांना विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

त्याच जनगणनेत देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता आपला ठाणे, १ कोटी १० लाख. पालघर तेव्हा वेगळा व्हायचा होता. दुसरा क्रमांक उत्तर चोवीस परगण्याचा, १ कोटी. एक मुंबईला चिकटलेला, दुसरा कोलकात्याला. शहरांच्या पोटातून माणसं निघाली आणि काठावर साठली. डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा तिकडचे. बारासात, मध्यमग्राम, राजारहाट इकडचे. सियालदा स्टेशनात सकाळी साडेआठला उभं राहिलं की दादरला उभं असल्यासारखंच वाटतं. डब्याच्या दारात लटकण्याची ढबसुद्धा तीच.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. गिरणीचं धुराडं, साचे, भोंगा.]

या दोन शहरांची कुंडली जुळते ती जन्मापासून. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभी केली, ताडदेवला. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, हुगळीकाठी रिश्र्याला पहिली ताग गिरणी निघाली. एकीकडे कापूस, दुसरीकडे ताग. एकीकडे रत्नागिरी-साताऱ्याचा माणूस आला, दुसरीकडे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशचा. दोन्हीकडे तो एकटा आला आणि बायकामुलं गावी राहिली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. याचा अर्थ आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होता. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली गावकरी खोली, एक पाळी कामावर गेली की तिच्याच वळकट्यांवर दुसरी पाळी झोपायची. भिंतीला ट्रंका. जेवण खानावळीत. खानावळ चालवणाऱ्या बाया पहाटे चारला चूल पेटवायच्या, उधारीची वही सांभाळायच्या, आणि संपात घर त्यांच्याच जिवावर चालायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते याच भागातून.

कोलकात्यात त्याच गरजेतून मेसबाडी आली. तालुक्यांच्या गावांतून आलेले कारकून, विद्यार्थी, एका खोलीत चार खाटा, माशाचा तुकडा कुणाच्या पानात मोठा पडला यावरून रुसवे. गिरणगावातल्या खानावळीत बसलेल्या माणसाला ते सारं ओळखीचं वाटलं असतं.

कोलकात्यावर घाव बाहेरून आले, आणि एकापाठोपाठ एक आले. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली. १९४३ चा दुष्काळ. १९४६ च्या ऑगस्टमधल्या दंगली. फाळणीनंतर तागाची बरीचशी शेतं सीमेपलीकडे गेली आणि गिरण्या अलीकडे राहिल्या. उलट माणसं मात्र लोंढ्यांनी अलीकडे आली. एक गोष्ट आपण मराठी माणसांनी नीट ऐकून घ्यायला हवी. १९५० च्या दशकात केंद्राने मालवाहतुकीचा खर्च समान केला. पोलाद देशभर एकाच भावात मिळू लागलं. खाणी आणि भट्ट्या पूर्वेकडे, पण त्यांच्याजवळ असण्याचा फायदा संपला. मग कारखानदाराने कारखाना बंदराजवळ, बाजाराजवळ का काढू नये? मुंबई-पुण्याच्या इंजिनिअरिंग उद्योगाच्या भरभराटीत या धोरणाचा वाटा आहे. बंगाल स्वतःच्या आळसाने बुडाला असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. ते मला लागतं, कारण ते खरं नाही.

[दृश्य: परळ. धुराड्यामागे काचेचा टॉवर.]

मुंबईचा घाव आतला होता. १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या आधीच आजारी होत्या. मालकांनी नवी यंत्रं आणली नव्हती, कापड भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकत होतं. आणि पायाखालची जमीन कापडापेक्षा महाग होऊ लागली होती. १९८१ ते ९१ या दहा वर्षांतही जुन्या मुंबईची लोकसंख्या घटलीच. माणसं गावी गेली. दागिने गेले, भांडी गेली, शेवटी खोली गेली. आमच्या मजल्यावर चौदा बिऱ्हाडं होती, त्यांतली सहा तेव्हा उठली. एका काकूंनी जाताना तुळशीची कुंडी आईच्या हातात दिली, "तिकडं ऊन येतं की नाही कोण जाणे" म्हणाल्या.

त्याच काळात लालबाग-परळची नावं पेपरात गुन्हेगारीच्या बातम्यांत छापून येऊ लागली. गँगवॉर, खंडणी. जिथे अडीच लाखांच्या आसपास पगार एकाच वेळी थांबले, तिथल्या पोरांपुढे काय वाट होती, हे त्या बातम्यांत नसायचं. मुलाचा पत्ता पाहून मुलीकडचे लग्नाची बोलणी थांबवत.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीची एक तृतीयांश वाटणी ठरली: एक वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन त्यातून बाहेर. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. सहाशे एकरांच्या घरातली जमीन, शहराच्या मधोमध. 'मोकळी' या एका शब्दाच्या अर्थाने बागा आणि घरं आकसून गेली.

मग लौकिकही बदलला. बिल्डरांच्या जाहिरातींत लोअर परळचं 'अप्पर वरळी' झालं. बदनाम वस्तीचं नाव पुसलं, किंमत चढली. रस्ते आणि पूल मात्र भोंग्याच्या काळातलेच होते. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. त्या पुलावरून मी शाळेत जायचो.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. पहिली मोठी सोडत निघाली २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी, आणि ती सात हजारांच्या आत घरांची. अलीकडे शेलू-वांगणीला घरं देऊ केली तेव्हा सत्तरी-ऐंशीतले कामगार आझाद मैदानावर आले. बदलापूरच्याही पुढे, या वयात? परळच्या केईएम रुग्णालयात दाखवायला यायचं तरी कसं?

[दृश्य: काळबादेवी. जिना चढत कॅमेरा दुसऱ्या मजल्यावर.]

दोन्ही शहरांत घरं खचली त्यामागे भाड्याचा कायदाही आहे. मुंबईत १९४७ चा, बंगालात १९५६ चा. गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर राहावं म्हणून भाडी बांधली गेली, आणि ते राहिलंही. त्या कायद्याशिवाय आमच्यासारखी हजारो कुटुंबं कधीच शहराबाहेर फेकली गेली असती. पण शेकड्यात भाडं घेणारा मालक लाखांची दुरुस्ती करेना. कोलकात्यात त्यात शरिकांचे, म्हणजे वाटेकऱ्यांचे, खटले: एका वाड्याला वीस-वीस वारस, प्रत्येकाची सही हवी. भाडेकरू पडतं घर सोडत नाही, मालक त्याच्या पडण्याची वाट पाहतो. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारची हुसैनी इमारत कोसळली, ३३ जणांचा जीव गेला.

पण घर ओसाड दिसत नाही तेव्हाही रिकामं झालेलं असतं. काळबादेवी-भुलेश्वरच्या सी वॉर्डात २००१ ला दोन लाख माणसं होती, २०११ ला १ लाख ६६ हजार. खोल्या मात्र गजबजलेल्या. जिथे कुटुंबं राहायची, तिथे सोन्याचे कारखाने आले. आत जमिनीवर मांडी घालून, समोर लाकडी पाट, हातात फुंकणी घेऊन बसलेले कारागीर हुगळीचे, हावड्याचे, मेदिनीपूरचे. ते हावडा मेलने येतात. दिवसा जिथे काम करतात, रात्री तिथेच वळकटी पसरतात. बायकामुलं गावी.

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत पावणेपाच लाखांच्या वर घरं रिकामी होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नवीचा संदर्भदिवस ठरला आहे, १ मार्च २०२७.

[दृश्य: कारखान्याची खोली, रात्र. दिवे मालवतात.]

या खोलीच्या दाराच्या चौकटीवर अजून जुन्या बिऱ्हाडाचं आडनाव आहे, रंगाने लिहिलेलं, मराठीत. कारागिरांनी ते पुसलेलं नाही. खाली खिळ्याला नऊ जणांचे शर्ट टांगले आहेत.