पंचाहत्तर टक्क्यांची शेगडी

(अमेरिकेत, न्यू इंग्लंडमधल्या मराठी श्रोत्यांपुढे हिवाळ्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी तुमच्या खिशातलं बोलतो, म्हणजे नंतरचं तुम्ही निवांतपणे ऐकाल. घरात लाकडाची किंवा पेलेटची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्यांची, शेगडी बसवली की इथल्या केंद्र सरकारच्या आयकरात जी सवलत मिळायची, ती 31 डिसेंबर 2025 ला संपली. 2032 पर्यंत चालेल असं आधी कायद्यात होतं, पण 4 जुलै 2025 ला सही झालेल्या कायद्यानं ती सात वर्षं आधीच आवरली. ज्यांची शेगडी त्या तारखेच्या आत बसून पेटली होती, त्यांच्यासाठी 2025 च्या विवरणपत्रात जोडायचा या सवलतीचा फॉर्म 5695 आहे. शेगडीची पावती डिसेंबरची, पण धुराडं बसवणारा माणूस जानेवारीत उगवला, असं झालं असेल तर मात्र उपयोग नाही. खरेदी कधी केली हे बघत नाहीत, ती चालू कधी झाली ते बघतात.

आता ही सवलत आली कुठून? बँका बुडू नयेत म्हणून ऑक्टोबर 2008 मध्ये जो कायदा झाला, त्यात ही शेगडी शिरली. हजारो कोटी डॉलरच्या त्या भाऊगर्दीत कुठेतरी तीनशे डॉलर लाकूडफाट्यासाठी. मला त्याची फार गंमत वाटते. पुढच्याच वर्षी मंदीतून बाहेर पडायला म्हणून सवलत वाढवली: किमतीच्या 30 टक्के, जास्तीत जास्त 1500 डॉलर. 2011 मध्ये पुन्हा तीनशेवर. डिसेंबर 2020 मध्ये कोविडच्या मदतीचं आणि अंदाजपत्रकाचं मिळून 5593 पानांचं एक बाड मंजूर झालं. त्यात आपली शेगडी सौर पॅनेलच्या पंगतीला नेऊन बसवली: 26 टक्के, वर मर्यादा नाही. 2023 पासून तिला त्या पंगतीतून उठवून परत जुन्या जागी: 30 टक्के, पण वर्षाला 2000 डॉलरच्या आत.

सहा हजार डॉलरची एकच शेगडी घ्या, बसवण्याच्या मजुरीसकट. 2010 मध्ये 1500 मिळाले असते. 2015 मध्ये 300. 2021 मध्ये 1560. 2024 मध्ये 1800. आज शून्य. शेगडी तीच, जाळ तोच!

बॉयलरवाल्यांची गोष्ट वेगळी. बॉयलर म्हटलं की तुम्ही गिरणी डोळ्यांपुढे आणाल, तसलं नाही. आपला तांब्याचा बंब आठवा. मधून नळकांडं, खाली ढलप्या, भोवती पाणी. त्याला पंप जोडा, ते गरम पाणी घरभर नळ्यांतून फिरवा, झाला घरगुती बॉयलर. पेलेटवर चालणारा असा बॉयलर बसवायला वीस हजार डॉलर सहज लागतात. 2021 मध्ये त्यावर 5200 सुटले असते. 2023 मध्ये 2000. म्हणजे नव्या कायद्यानं टक्का वाढवला आणि बंबवाल्याच्या हातचे तीन हजार काढून घेतले.

मधल्या दहा वर्षांत सवलत दर थोड्या दिवसांनी मरायची आणि मागाहून जिवंत व्हायची. मी माझी शेगडी 2018 च्या शरद ऋतूत घेतली. तेव्हा सवलत बंद होती. डिसेंबर 2019 मध्ये संसदेनं ठरवलं की नाही, 2018 मध्येही ती होतीच! मग मी जुनं विवरणपत्र दुरुस्त करून पुन्हा पाठवलं, तीनशे डॉलरसाठी. बायको म्हणाली, "अहो, लग्न झाल्यावर पत्रिका जुळवताय." प्रोत्साहन म्हणजे माणूस निर्णय घेण्याआधी त्याला दिलेला धक्का, असं मी समजत होतो.

पण आजचं माझं खरं म्हणणं वेगळं आहे. सवलतीची मुख्य अट होती: शेगडीची कार्यक्षमता किमान 75 टक्के. कसली कार्यक्षमता? लाकडात पाणी असतं, शिवाय जळताना लाकडातल्या हायड्रोजनचंही पाणी होतं. त्या सगळ्याची वाफ करण्यात जी उष्णता जाते, ती धुराड्यातून निघून जाते. ती हिशेबात धरायची की नाही? युरोपात सहसा धरत नाहीत, म्हणून तिथले आकडे देखणे दिसतात. तिथल्या मापानं 80 टक्के भरणारी शेगडी ही उष्णता धरली की 75 च्या खाली घसरू शकते. 2021 पासून इथल्या कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की ती धरायची. तोपर्यंत मापाचा बराच गोंधळ होता आणि उत्पादकाच्या दाखल्यावर काम भागायचं.

आता ते 75 टक्के मोजतात कुठे? प्रयोगशाळेत. कित्येक चाचण्यांत डग्लस फर या सूचिपर्णी झाडाचे रंधलेले, एकसारखे चौकोनी तुकडे मापानं रचून जाळतात. पर्यावरण खात्याची अट निराळी, ती धुराची: मे 2020 पासून तासाला 2 ग्रॅमपेक्षा जास्त कण नकोत, आणि साध्या फोडलेल्या लाकडावर चाचणी केली तर अडीच ग्रॅम. बाहेरून बघायला हे सगळं चोख आहे. पण माझ्या शेजारच्या घरात डग्लस फर नाही, रंधा नाही आणि मापपट्टीही नाही. वादळात पडलेलं मेपल आहे, ऑगस्टमध्ये फोडलेलं आणि नोव्हेंबरात जाळायला घेतलेलं. ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते 20 टक्क्यांच्या खाली यायला उन्हात, वाऱ्यावर, वरून झाकून, लाकडाच्या जातीप्रमाणे सहा महिने ते दोन वर्षं लागतात. ओलं लाकूड धुमसतं, धुराड्यात डांबर चढतं आणि एखाद्या रात्री तेच पेट घेतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. शेगडीत उलट होतं: ओल्याबरोबर सुक्याचीही ऊब जाते. त्या लाकडापुढे 1800 डॉलरची सवलत मिळवलेली शेगडी आणि माझ्या आजीची चूल यांत फरक उरत नाही. कायद्यानं शेगडीला विचारलं, सरपणाला कधीच विचारलं नाही.

पेलेटचं म्हणून मला कौतुक आहे. भुसा दाबून केलेल्या, चाळीस पौंडांच्या पोत्यात भरलेल्या त्या कांड्यांत ओलावा 10 टक्क्यांच्या आत. सरपणाची परीक्षा कारखान्यातच झालेली असते. फक्त वीज गेली की कांड्या पुढे ढकलणारा स्क्रू थांबतो आणि शेगडीही. बर्फाच्या वादळात हे बरोबर रात्री दोनला घडतं.

मघाशी पहिल्या रांगेतून प्रश्न आला, मग सरकारनं शेगडीऐवजी उबेलाच पैसे का देऊ नयेत? दिलेत की. उत्तर आयर्लंडमध्ये नोव्हेंबर 2012 मध्ये अशी योजना निघाली, घरांसाठी नाही, धंद्यांसाठी. बॉयलरमधून जितके युनिट उष्णता, तितके पैसे. ब्रिटनच्या योजनेत ठरावीक उष्णतेनंतर दर उतरायचा. हे कलम उत्तर आयर्लंडच्या योजनेत गळलं. त्यात अनुदान पेलेटच्या खर्चापेक्षा जास्त. जितकं जाळाल तितका नफा! लोकांनी जाळलं. तिकडे त्याला 'राखेला रोकड' असं नाव पडलं. फेब्रुवारी 2016 मध्ये योजना बंद, जानेवारी 2017 मध्ये उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांचा राजीनामा, आणि पुढची तीन वर्षं प्रांताला सरकारच नाही. ब्रिटननं 2014 मध्ये घरांसाठी योजना काढली, तेव्हा बहुतेक ठिकाणी मीटरऐवजी घराला किती ऊब लागायला हवी याचा कागदोपत्री अंदाज काढून सात वर्षं पैसे दिले. जास्त जाळून फायदा नाही. मला ते त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटतं.

इथल्या सवलतीत मला सगळ्यात जास्त खुपतं ते दुसरंच. ही रक्कम तुमच्या करातून वजा व्हायची. कर नसेल तर हातात काही येत नसे. चारशे डॉलर कर लागणाऱ्याला 1800 नाही, चारशेच. 2021 आणि 2022 सोडले तर उरलेले पुढच्या वर्षी नेता येत नव्हते. या देशात मुख्य ऊब लाकडातून मिळवणारी घरं शंभरात दोनाच्या आसपास, पण त्यांतली पुष्कळशी खेड्यांतली, कमी मिळकतीची. ज्यांची शेगडी जुनी, गळकी, धुरकट, त्यांना सवलत पोचली नाही. आमच्यासारख्यांना पोचली, आमच्याकडे गॅसची भट्टीही आहे आणि शेगडी शनिवारी संध्याकाळची हौस आहे. मी घेतले की पैसे, लाजतोय असं नाही, पण सांगतो.

आपल्याकडेही हे घडून गेलं आहे. 1985 च्या सुमारास केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर नेला, 2002 पर्यंत चालवला. त्यात अनुदान चूल बसवण्याला होतं, ती वापरात राहण्याला नव्हतं. किती बसल्या ते मोजलं गेलं. वर्षभरानं धुरांडं कोण साफ करतंय, ते मोजणं अवघड होतं. महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेनं त्यावर नेटानं काम केलं, कुंभारांना आणि गवंड्यांना हाताशी धरून. चूल शेवटी बांधणाऱ्याच्या आणि फुंकणाऱ्याच्या हातात असते हे त्यांना ठाऊक होतं.

वेळ झाली आहे. शेवटचा प्रश्न आला आहे, लाकूड सुकलं हे कसं ओळखायचं. वीस-तीस डॉलरचं ओलावामापक मिळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा, सालीवर नाही. ते नसेल तर हे मी आणलेले दोन तुकडे. एकमेकांवर आपटतो. ऐकलंत? टण्ण. हे दोन वर्षांपूर्वीचं लाकूड, इथे ॲश म्हणतात त्या झाडाचं. आणि हे दुसरे दोन, गेल्या सप्टेंबरातले. थप. हे घरी नेऊ नका, मागच्या रांगेतल्या काकांनी मागितलं तरी देणार नाही. पुढच्या वर्षी या.