पिंपातली मर्लो

पांढऱ्या कापडावर तिरका धरलेला हा पेला पाहा. मध्यभागी गडद लाल दिसणारी वाइन कडेला पोहोचताना किंचित विटकरी होते, कारण ओकच्या पिंपात मुरताना लाकडातून अत्यल्प प्रमाणात आत येणारा प्राणवायू तिचा रंग आणि तुरटपणा, दोन्ही सावकाश बदलत असतो.

मर्लो या काळ्या द्राक्षाच्या जातीपासून केलेली ही वाइन अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड बेटाची आहे. हारग्रेव दांपत्याने १९७३ साली येथे व्यावसायिक द्राक्षलागवडीची सुरुवात केली. सभोवतालचे पाणी शरद ऋतूत ऊब धरून ठेवते, त्यामुळे लवकर पिकणाऱ्या मर्लोला या थंड हवेतही पक्व होण्यास पुरेसा अवधी मिळतो.

आता पिंपाकडे वळू. दोन-तीन वर्षे उघड्यावर ऊन-पाऊस खाल्लेल्या या फळ्या विस्तवाच्या उष्णतेने वाकवल्या जातात आणि खिळा न मारता केवळ लोखंडी कड्यांनी आवळल्या जातात. फ्रान्समधील बोर्दो प्रदेशाच्या पद्धतीच्या अशा पिंपात २२५ लिटर वाइन मावते. आतली बाजू जितकी अधिक भाजावी तितका धुराचा वास वाढतो. व्हॅनिलाचा गंध लाकडातील व्हॅनिलिनमुळे येतो, तर लवंगेचा गंध युजेनॉलमुळे, आणि लवंगेतही तेच द्रव्य असते. नवे पिंप हे सारे भरभरून देते, तीन-चार वेळा वापरलेले जवळजवळ काहीच देत नाही.

वाइनचा परीक्षक पेला न हलवता पहिला वास घेतो, मग फिरवून दुसरा. आलुबुखार, चेरी, आणि त्यांच्या मागे ढोबळी मिरचीसारखी हिरवट झाक. ही झाक पायराझिन वर्गातील द्रव्यांची असते, आणि थंड प्रदेशात ती फळ पिकल्यावरही थोडी उरते. अनेकजण तिला दोष मानतात. आमच्या मते सौम्य असेल तर ती त्या प्रदेशाची खूण आहे, आणि ती झाकण्यासाठी नव्या लाकडाचा मारा करणे हीच खरी चूक. नव्या पिंपांचा खर्च बाटलीच्या किमतीत उतरतो, तो वेगळाच.

घोट जिभेवर फिरतो. आम्लतेने तोंडाला पाणी सुटते, हिरड्यांवर बारीक तुरटपणा जाणवतो. घोट थुंकल्यानंतर परीक्षक मनातल्या मनात सेकंद मोजू लागतो, कारण मागे रेंगाळणारी चव फळाची आहे की लाकडाची, यावरच त्याचा निर्णय अवलंबून असतो.

वहीत तो एकच शब्द लिहितो, ‘फळ’, आणि रिकामा पेला पुन्हा एकदा नाकाशी नेतो.