टाळ्यांसकट

नमस्कार श्रोतेहो.

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी काकांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात कॅसेटी. इथल्या, देवासच्या घरगुती बैठकांच्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनं तारीख, राग, तबल्याला कोण, आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'मूळ स्पूलवरून दुसरी प्रत.' स्पूल म्हणजे कॅसेटच्या आधीची टेपची मोठी चकरी. कुणी कॅसेट मागायला आलं की काका बजावायचे, "प्रत करा खुशाल, पण ही ओळ उतरवून घ्या."

त्या ओळीचं मोल मला कळलं ते रॉक ऐकायला लागल्यावर.

इंटरनेट आर्काइव्ह नावाचं एक मोफत संग्रहालय आहे. पत्ता, आर्काइव्ह डॉट ऑर्ग. तिथे २००२ पासून 'लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह' हा विभाग आहे. ज्या बँडनी स्वतः परवानगी दिली, त्यांचेच कार्यक्रम तिथे ठेवले जातात. म्हणून मी बेधडक सांगतो, ऐका. यात चोरी नाही.

यातला सगळ्यात मोठा खजिना ग्रेटफुल डेड या कॅलिफोर्नियाच्या बँडचा. या मंडळींनी रसिकांना ध्वनिमुद्रण करू दिलं, इतकंच नव्हे तर १९८४ पासून माइक घेऊन येणाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवली. विकायचं नाही, एकमेकांना द्यायचं, एवढी एकच अट. आपल्याकडे मैफलींच्या स्पूल ज्या मायेनं हातोहात फिरल्या, तीच ही माया.

शोधताना नुसतं बँडचं नाव टाकून थांबू नका. तारीख धरा. ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठ, बार्टन हॉल. या एका रात्रीच्या कितीतरी प्रती सापडतात, आणि खरी गंमत तिथे आहे. साउंडबोर्ड म्हणजे ध्वनिमिश्रणाच्या टेबलावरून थेट घेतलेलं. गिटारची तार न् तार वेगळी, पण सभागृह जवळजवळ गायब. ऑडियन्स म्हणजे गर्दीत माइक उभारून घेतलेलं. थोडं धूसर, पण श्वास घेणारं. दोन्ही जुळवलेलं ते मॅट्रिक्स. मला विचाराल तर आधी ऑडियन्सच ऐका. 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये ते न थांबता शिरतात, दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांहून जास्त. बेस गिटार, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, हळूच वळते आणि लोकांना ते उमगतं, तो आवाज ऐका. समेवर आपल्याकडे 'वाह' उठते ना, अगदी तसा.

त्या रात्रीचं साउंडबोर्डवरचं मुद्रण बेटी कँटर-जॅक्सन या बाईंनी केलं. त्यांच्या टेपा भाड्याच्या गोदामात होत्या. भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्या टेपांचा लिलाव झाला. बार्टन हॉलचं ते मुद्रण पुढे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं राष्ट्रीय ठेव्यात घेतलं. गोदामाचं भाडं थकलं म्हणून हे सगळं कचऱ्यातही गेलं असतं. मला अजून धस्स होतं.

एक व्यवहाराची गोष्ट. ग्रेटफुल डेडची साउंडबोर्डवरची मुद्रणं तिथे फक्त ऐकता येतात. ऑडियन्सवाली उतरवूनही घेता येतात. घेताना फ्लॅक हा फाइलचा प्रकार निवडा. फाइल मोठी असते, पण आवाजातलं काही गळत नाही.

आणि ऐकण्याआधी खालचं टिपण वाचा. कोणता माइक, कोणतं यंत्र, कॅसेटची कितवी प्रत, संगणकावर कुणी आणली, सगळं ओळीनं लिहिलेलं असतं. कॅसेटवरून कॅसेट करताना दरवेळी वरचे सूर थोडे बोथट होतात, खरखर वाढते. म्हणून पहिल्या प्रतीला मान. पहिल्यांदा ते टिपण वाचलं तेव्हा मला काकांचं अक्षरच दिसलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या पेटीतली पहिली कॅसेट मी संगणकावर घेतली. तंबोऱ्यामागे पंख्याची घरघर आहे, मधे कुणीतरी कपबशी ठेवतं. काही पुसलं नाही. फाइलसोबतच्या टिपणात तारीख लिहिली, राग लिहिला, तबलजींचं नाव लिहिलं, आणि खाली ती ओळ उतरवली: 'मूळ स्पूलवरून दुसरी प्रत.' पुढे माझी एक जोडली: 'त्या प्रतीवरून, इंदूर.'